आगोटीतली हार्ड डिस्क

मे महिन्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलात तर खाली बघून चाला. एका चादरीवर बोंबील असतात, दुसरीवर मिरच्या, तिसरीवर माझ्या साबुदाण्याच्या पापड्या. आणि दोन वर्षांपूर्वी या सगळ्यांच्या मधोमध, स्टीलच्या ताटलीत, वर मलमलचं फडकं घालून, एक हार्ड डिस्क वाळत ठेवलेली होती.

मी पापड्या उलटायला गेले होते. ताटलीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर हिराजी काका बसले होते. डोक्यावर ओला पंचा, हातात कावळे हाकायची काठी.

"काका, हे काय?"

"व्हिडिओ हायत त्यात आमचे जुने. मुलाने दुकानातून भरून आणलेत. आगोट करायची ना आता? पानी लागायच्या आधी दोन उनं दाखवतो. मंग चार महिने बघायला नको."

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, मसाला, मीठ, लोणचं, सगळं ऊन दाखवून बरण्यांत भरायचं, ही या खाडीकाठची जुनी रीत. पण तिच्यात हार्ड डिस्क मी पहिल्यांदाच बघत होते.

"अहो, उन्हात खराब होईल ती!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. साताऱ्याकडून आलेल्या बाईला वाळवणातलं काय कळणार, हे त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. "बाय, उन्हाने खराब झालेली वस्तू मी आजवर बघितली नाय. दमटाने खराब झालेल्या लय बघितल्या."

दोन उन्हं खाऊन डिस्क मेली. कंप्युटरला लावली की नुसती टकटक करायची, उघडायची नाही. काकांच्या बायकोने, ताराकाकींनी, ती नाकाशी धरून एवढंच सांगितलं, "वास पन लागला तिला बोंबलाचा."

हिराजी काका आमच्याच मजल्यावर राहतात. खरं म्हणजे आम्ही त्यांच्या शेतावर राहतो. नायगावला खाडीच्या अंगाला आमचा हा टॉवर उभा आहे, तिथे त्यांची भातशेती होती. शेत गेलं, बदल्यात फ्लॅट आले, पण काकांच्या डोक्यातला नकाशा काही बदलला नाही. बी विंगची लिफ्ट अजून चिंचेखाली आहे. पार्किंग म्हणजे खळं. माझं स्वयंपाकघर मोठ्या बांधावर आहे, हे त्यांनी मी राहायला आले त्याच दिवशी मला सांगितलं होतं, आणि ते अशा आवाजात की मी गॅस बांधाला धक्का न लावता ठेवावा. कुरियरवाल्याला ते "चिंचेच्या बाजूने वर जा" म्हणून सांगतात आणि तो बिचारा झाड शोधत इमारतीला दोन चकरा मारतो.

काकांचा जगाला एकच प्रश्न आहे. "टिकंल का?"

छत्री घेताना दुकानदार म्हणाला, दोन वर्षं कुठे जात नाही. काका म्हणाले, "मंग तिसऱ्या वर्सी मी कुठे जाऊ?" आणि जुन्याच छत्रीला सातवी काडी बसवून घेतली. त्यांच्या घरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते: आत काय, कुठल्या सालचं, कोणी घातलेलं. त्यांच्याकडे एक लिंबाचं लोणचं आहे, ते इतकं जुनं आहे की आता त्याला लोणचं म्हणत नाहीत, औषध म्हणतात. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला आले होते. नवऱ्या मुलाला नीट न्याहाळलं, पेढा खाल्ला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "टिकंल का?" मी डोळे वटारले तर म्हणाले, "मुलगा चांगला हाय गं. मी पेढ्याचं विचारतो, दोन घरी न्यायचेत."

वस्तू परीक्षेत पास झाली की निकालही एकाच शब्दात. "टिकलाय."

ताराकाकी म्हणतात, "यांना मुंगी चावली तरी तिला विचारतील, किती वर्सं टिकशील."

तर त्या व्हिडिओंची गोष्ट. काकींचा भाऊ आखातात नोकरीला होता. त्याने एका सुट्टीत येताना व्हिडिओ कॅमेरा आणला आणि जाताना काकांकडे ठेवून गेला. त्या काळी आसपास कुणाकडे असली वस्तू नव्हती. काका तेव्हा ऐन तारुण्यात. हळदी, लग्नं, गौरी-गणपती, भातकापणी, जिथे चार माणसं जमली तिथे काका कॅमेरा घेऊन हजर. अशा एकोणीस टेपा त्यांनी भरल्या.

फक्त एक घोटाळा होता. काकांना आणि त्यांच्या सगळ्या गोतावळ्याला फोटो माहीत होता, व्हिडिओ नाही. आणि फोटोचा पहिला नियम म्हणजे हलायचं नाही. त्यामुळे काका कॅमेरा डोळ्याला लावून ओरडायचे, "हलू नका, व्हिडिओ काढतोय!" आणि माणसं खांबासारखी उभी राहायची. मिनिट-दोन मिनिटं. हळदीला नवरी, तिची आई, पाच मावश्या, सगळ्या श्वास रोखून. हलतो तो फक्त वारा आणि मधूनच जाणारी एखादी कोंबडी. एका टेपेत एक मामा शिंकतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हात जोडून माफी मागतो. मग काका ओरडतात, "झाला!" आणि त्यानंतर त्यांना बंद करायचं बटण सापडत नाही. प्रत्येक वेळी सापडत नाही. एकोणीस टेपा भरेपर्यंत सापडलं नाही.

हार्ड डिस्क मेल्यावर काका टेपांची पिशवी घेऊन वसईच्या इनासभाऊंकडे गेले. इनासभाऊंचा धंदा लग्नांचे आणि बाप्तिस्म्यांचे व्हिडिओ काढायचा. त्यांच्याकडे असल्या टेपा चालवणारं एक जुनं मशीन अजून होतं. पहिल्या वेळीही त्यांनीच काम केलेलं, पण आपल्याकडची प्रत त्यांनी केव्हाच पुसली होती. आता त्यांनी टेपा उजेडात धरून बघितल्या आणि सांगितलं, "काका, तुमच्या टेपांना बुरशी लागलीय आणि माझ्या मशीनला म्हातारपण. एकदाच फिरवीन. पावसाची ओल आली की ते टेप ओढत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दोघांपैकी कोण राहील सांगता येत नाही. कुठल्या फॉरमॅटमध्ये पाहिजे ते ठरवून या, जून लागायच्या आत."

झालं. काकांना कोणीतरी "ठरवा" म्हटलं होतं आणि तेही कायमचं.

मी विमा कंपनीत कंप्युटरवर क्लेमचे फॉर्म भरते. माझं कंप्युटरचं ज्ञान तिथे सुरू होतं आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत संपतं. पण इमारतीत मी "कंप्युटरवाली". त्यामुळे पुढचे आठ दिवस मी ऑफिसातून आले, पर्स खुंटीला लावली की बेल वाजायची.

"बाय, एमपीफोर टिकंल का?"

मी फोनवर वाचून वाचून शिकत होते आणि शिकवत होते. एमपीफोर सगळीकडे चालतं, फाइल लहान होते. काकांनी विचारलं, "लहान कशी होते? काय काढून घेतात?" मी म्हटलं, डोळ्याला जे फारसं दिसत नाही तेवढं टाकून देतात. "टाकलेलं परत येतं?" नाही. काकांनी मान हलवली. बरण्यांच्या जगात हे बसत नव्हतं.

मग त्यांचा दुसरा प्रश्न. "त्याच्या सातबाऱ्यावर कोनाचं नाव हाय?"

"फॉरमॅटला सातबारा नसतो, काका."

"मालक असंल ना कोनीतरी? उद्या तो बोल्ला, माझ्या जागेतून रस्ता बंद, तर?"

हसण्यासारखं होतं, पण वाचत गेले तर प्रश्न अगदी बरोबर निघाला. काही फॉरमॅट खरोखरच एकेका कंपनीच्या मालकीचे असतात. कंपनीने हात वर केले की फाइल आहे पण उघडणारं कोणी नाही. आणि काही उघडे असतात. ते कसे बनवलेत ते सगळ्यांना वाचता येतं, कुणीही उघडणारं यंत्र तयार करू शकतं. तसा एक एमकेव्ही नावाचा होता. त्यात चित्र जसंच्या तसं, काही न टाकता ठेवता येतं. फक्त फाइल अवाढव्य होते.

"म्हंजे गुरचरन," काका खूश होऊन म्हणाले. "कोनाच्या बापाचं नाय."

"पण काका, ते तुमच्या टीव्हीवर धड चालणार नाही. एमपीफोर चालेल."

आता पंचाईत. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, एमपीफोर करा आणि क्लाउडवर टाका, विषय संपवा." क्लाउड म्हणजे काय ते मी समजावलं. काका म्हणाले, "दुसऱ्याच्या कनगीत आपलं भात, आन् चावी पन त्याच्याकडे? वा!" वॉचमनला विचारून झालं, इस्त्रीवाल्याला विचारून झालं. मे संपत आला. इनासभाऊंचे दोन फोन येऊन गेले. मी वैतागून म्हटलं, "काका, दोन्हीतलं एक निवडा आणि मला सोडा. तिकडे बुरशी तुमच्यासाठी थांबलेली नाही."

आमच्या ओट्यावर मी भातासाठी तांदूळ निवडत होते. काकांनी त्यातले चिमूटभर तळहातावर घेतले.

"हे पेरले तर उगवतील का गं?"

"हे? पॉलिश केलेले आहेत. कसे उगवतील?"

"पन खायला बरे."

"हो."

"मंग आपन येड्यासारखं काय करतो आठ दिवस?" काका एकदम उठले. "बी वेगळं, खायचं वेगळं! बियान्याचं भात कोन गिरनीत घालतं? ते सालासकट वेगळं ठेवायचं, त्याला हात लावायचा नाय. खायचं ते पॉलिश करून खा. ते तुझं एमकेव्ही बियान्याला. एमपीफोर खायला. आन् बी कधी एका घरात ठेवू नये. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे, एक भुईगावला माझ्या बहिनीकडे."

मी तांदळाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. जे मला आठ दिवस वाचूनही नीट मांडता आलं नव्हतं, ते या माणसाने माझ्याच ओट्यावर दोन मिनिटांत मांडलं होतं. त्या दिवशी भात करपला, पण तेवढं चालायचं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी काकांबरोबर वसईला गेले. इनासभाऊंनी मनापासून काम केलं. तीन दिवसांनी पुन्हा बोलावलं. मशीनने प्राण पणाला लावून सगळ्या टेपा फिरवल्या होत्या आणि सगळं त्यांच्या कंप्युटरवर उतरलं होतं. आता फाइली करून डिस्कांवर भरायच्या एवढंच.

"काका, एक सांगू?" इनासभाऊ म्हणाले. "प्रत्येक शॉटच्या शेवटी तुमचा बराच कचरा आहे. पाय, आभाळ, कोंबडीची शेपटी. तो कापतो. जागा पुष्कळ वाचेल."

"नाय."

"अहो, या सतरा नंबरला तर सात मिनिटं नुसता पेंढा आहे! कॅमेरा चालू ठेवून तुम्ही निघून गेला होता."

"कापायचं नाय."

मला भूक लागली होती. रजेचा दुसरा अर्धा दिवस उडाला होता. मीही इनासभाऊंची बाजू घेतली. "काका, कापू द्या ना. पेंढा कशाला टिकवायचाय?"

काका माझ्याकडे बघतच इनासभाऊंना म्हणाले, "सतरा नंबर लावा."

इनासभाऊंनी लावली. खळं दिसलं. भाताच्या भाऱ्यांपुढे सात-आठ माणसं ताठ उभी. मधे एक उंच, काळीसावळी बाई, हातात कोयता. कुणी हलत नव्हतं. तिच्या पदराचं टोक तेवढं वाऱ्यावर उडत होतं. मग कॅमेऱ्यामागून तरणा आवाज आला, "झाला!"

आणि ती सगळी माणसं जिवंत झाली. एकाने दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला, एक मुलगी हसत हसत खाली बसली. कोयतावाली बाई कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, "मेल्या, तेवढ्या वेळात दोन भारे झोडले असते!" प्रत्येक टेपेत नेमकं हेच असायचं, हे मला तेव्हा कळलं. "झाला" म्हणेपर्यंतचे ते खांब कुणाला हवे होते? खरी माणसं त्यानंतर सुरू व्हायची, आणि तोच भाग आम्ही कापायला निघालो होतो.

मग कॅमेरा आडवा झाला. कुणीतरी तो खाली ठेवला होता. पेंढा. एक अनवाणी पाय. पुन्हा पेंढा. दोन मिनिटं गेली, तीन गेली. इनासभाऊंनी माझ्याकडे बघितलं. काका पुढे झुकून बसले होते.

लांबून, वाऱ्यातून, बाईची हाक आली. "हिराऽऽ! ए हिरा! जेवाया ये, भात निवला!"

आणि अगदी जवळून तो तरणा आवाज, "आलो गंऽऽ!"

पावलं वाजली. नंतर फक्त पेंढा.

"आई," काका म्हणाले. "मोठ्या बांधावर उभी राहायची. तिथून खळ्यावर आवाज पोचायचा." मग काहीतरी हिशेब चुकल्यासारखं हसून म्हणाले, "आता मला तसं कोन बोलत नाय."

"कसं?"

"हिरा. बहीन दादा बोलते, मुलगा बाबा बोलतो, तारा आपली अवो-जावो. तुम्ही सगळे काका. सगळ्यांचा मान हाय, मी नाय कशाला बोलू? पन हिरा बोलनारं एक मानूस उरलं नाय बघ. धाकटा भाऊ होता, पांडू, तो बोलायचा, ऐकायचाच नाय, भर मंडपात हिरा बोलायचा. तो पन गेला. आता फक्त ह्याच्यात हाय."

इनासभाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मला माझीच लाज वाटली. आठ दिवस मी या माणसाची फॉरमॅटवरून चेष्टा करत होते, घरी गेल्यावर नवऱ्याला नकला करून दाखवत होते. त्यांना सगळं विचारायचं होतं ते या सात मिनिटांसाठी, आणि ते त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"काही कापत नाही, काका," इनासभाऊ म्हणाले. "फाइलींना नावं सांगा."

काकांनी बरणीवरच्या चिठ्ठ्यांसारखी नावं सांगितली. पांडूची हळद. गौरी, आत्याच्या घरी. शिंकणारा मामा. मग सतरावी आली.

"पेंढा लिहा," म्हणाले.

आता त्या तीन डिस्का तीन घरांत आहेत. भुईगावच्या बहिणीने तिची साड्यांच्या घडीत ठेवली आहे. तिला काका दर मे महिन्यात फोन करून बजावतात, "गच्चीवर नेऊ नको हां, खराब होते," जणू ती गच्चीवर नेऊन बघणारं दुसरंच कुणी होतं. माझी डिस्क माझ्या कपाटात आहे, कापडी पिशवीत, कडुलिंबाच्या दोन पानांसह. पानांबद्दल मी वाद घातला नाही.

आणि वर्षातून एकदा, आगोटीच्या दिवसांत, काका माझ्याकडे येतात. बियाणं नुसतं ठेवून चालत नाही. काढायचं, बघायचं, किडलं असेल तर दुसऱ्या घरातून आणून पुन्हा भरायचं. या मे महिन्यातही आले, रविवारी सकाळी, हातात बोंबलाची पुडी. ती माझ्या नवऱ्यासाठी. एकोणीस फाइली एकेक करून उघडल्या. काका पडद्यावर बोट ठेवून माझी परीक्षा घेत होते, "ही कोन?" "यमुना आत्या." "हा?" "पांडू." "आन् हा?" "शिंकणारा मामा, पण हे शिंकायच्या आधीचं." फाइल उघडून उपयोग नाही, आतल्या माणसांना ओळखणारं कोणी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला आता त्यांचा गोतावळा माझ्या सासरच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

सतरावी फाइल आली तशी मी उठले. "चहा टाकते," म्हटलं. अशा वेळी तिथे आपण नसावं.

स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं. "झाला!" मग हसणं, दोन भाऱ्यांचं बोलणं. मग बराच वेळ शांतता. चहा उकळला, गाळला, मी कपबशा ट्रेमध्ये मांडल्या, आणि बाहेर ती हाक आली. तिच्यामागून तरण्या हिराचं उत्तर आलं. पावलं. आणि मग तो न संपणारा पेंढा. काका उठत नव्हते, फाइल बंद करत नव्हते. चहावर साय धरायला लागली.

मी ओट्यापाशी उभी होते, म्हणजे काकांच्या नकाशात मोठ्या बांधावर. मी तिथूनच मोठ्याने हाक मारली, "काकाऽऽ! या, चहा निवला!"

एरवी ते "हा बाय" म्हणतात. त्या दिवशी बाहेरून उत्तर आलं, शेवट तसाच लांबवून, "आलो गंऽऽ!"

ते आत आले, डोळे पंचाने पुसले, चहा बशीत ओतला.

"टिकलाय," म्हणाले.